कच्छमधील अजरख रेसिडेन्सीला जाण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

वस्त्ररेखा यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि कापड हेच माझ्या कलाकृतींचे मुख्य माध्यम आहे. येत्या हिवाळ्यात कच्छमधील भुजजवळच्या एका कार्यशाळेत महिनाभराची रेसिडेन्सी, म्हणजे तिथेच राहून शिकण्याचा आणि काम करण्याचा मुक्काम, करण्याचा माझा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. अजरख, म्हणजे ठशांनी छापून रंगवलेले कच्छचे पारंपरिक कापड, त्याच्या ठसाकामातील रंगप्रक्रिया समजून घ्यावी आणि तिथे तयार झालेल्या कापडांतून एक मोठी मांडणी उभी करावी, अशी इच्छा आहे. मात्र दोन प्रश्न मनातून जात नाहीत. एक म्हणजे महिन्याभरात या प्रक्रियेचे खरोखर कितपत आकलन होते? आणि हे कापड छापणाऱ्या खत्री घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ठशांचा वापर मी स्वतःच्या नावावर दाखवल्या जाणाऱ्या कामात करणे कितपत उचित आहे? ज्यांना या क्षेत्राचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नीळकुंड यांचे उत्तर

अनेक कापडांचा मोह सोडून एकाच ताग्याच्या मागे राहण्याची तयारी असेल, तर महिना पुरेसा आहे. अजरखचे सुती कापड प्रथम धुऊन एरंडेल तेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवतात, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. सुती धागा तुरटीला सहजासहजी धरून ठेवत नाही. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य त्यात आधी बसलेले असले, म्हणजे तुरटी पक्की बसते आणि तिने धरलेला रंग टिकतो. त्यानंतर चुना आणि डिंक यांच्या लेपाने पांढऱ्या रेषा राखून घेतात. लोखंडाचे तुकडे गुळाबरोबर आंबवून केलेल्या द्रावणाने काळा रंग छापतात, आणि पुढे जो भाग लाल व्हायचा असतो तिथे तुरटीचा ठसा उमटवतात. हा भाग छापताना लाल दिसत नाही. कापड मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळांच्या, पाण्यात उकळले की मगच तो रंग प्रकट होतो. निळीच्या कुंडातून कापड हिरवट पिवळे बाहेर येते आणि हवा लागताच निळे होते. या प्रत्येक टप्प्यामध्ये धुणे आणि वाळवणे असल्यामुळे कामाचा वेग ऊन आणि पाणीच ठरवतात, त्यामुळे आपण हिवाळा निवडला हे फार चांगले झाले.

पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. धमडका हे अजरखचे जुने गाव. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, आणि लोह तर लाल रंगाला काळपट करते. घरे कोसळली होतीच, शिवाय ज्या पाण्यावर व्यवसाय उभा होता तेही बदलले. म्हणून अनेक खत्री कुटुंबांनी भुजच्या जवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. आपल्या मांडणीला विषय हवा असेल, तर तो इथेच आहे. पहिल्या आठवड्यात कोणताही आराखडा न करता केवळ नोंदी ठेवाव्यात: कोणत्या विहिरीचे पाणी, किती ऊन, कापड किती वेळा धुतले, कोणता टप्पा कोणाच्या हाताखाली होता.

ताणाबाणा यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. अजरखचे कारागीर निनावी हात आहेत आणि त्यांच्या कामाला अर्थ देणारा कलाकार बाहेरून येतो, ही समजूत घरीच ठेवून जावे. अजरखचे कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. कच्छमध्येच २००५ साली सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने परंपरागत कारागिरांना डिझाइनचे औपचारिक शिक्षण देण्यास आरंभ केला. म्हणजे आपण ज्यांच्याकडे जाणार आहात, ते स्वतः रचनाकार आहेत. त्यांच्यासोबत केलेल्या कामाच्या फलकावर त्यांचे नाव आपल्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत असणे ही किमान अपेक्षा आहे.

कच्छ अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे त्या नावाला संरक्षण मिळते, परंतु एखाद्या घराण्याने जपलेल्या विशिष्ट ठशाचे श्रेय आपोआप सुरक्षित होत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच लेखी ठरवावे: शिकवण्याच्या वेळेचा मोबदला राहण्या-जेवण्याच्या खर्चापासून वेगळा द्यावा, कलाकृती विकली गेल्यास वाटा किती हे नमूद करावे, आणि ठशांची छायाचित्रे कुठे वापरता येतील तेही लिहून घ्यावे. आपली स्वतःची आकृती छापायची असेल, तर गांधीनगरजवळच्या पेथापूरला ठसे कोरणारे जुने कारागीर आहेत. तिथे नवे ठसे करून घ्यावेत आणि घराण्याचे ठसे त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय हाताळू नयेत. हा मार्ग खर्चिक आहे, तरीही मला तोच योग्य वाटतो.

वस्त्ररेखा

दोघांचेही मनापासून आभार. मोबदल्याचा मुद्दा मी इतक्या स्पष्टपणे मांडलाच नव्हता. आता कार्यशाळेला पत्र लिहिताना तोच आधी घेईन. एक उपप्रश्न: कार्यशाळेच्या माहितीत ‘नैसर्गिक रंग’ असे लिहिले आहे. तेवढ्यावर विसंबावे का?

रंगबंध यांचे उत्तर

विसंबू नये, थेट विचारावे. मंजिष्ठेच्या युरोपीय जातीत लाल रंग देणारे मुख्य द्रव्य म्हणजे अलिझरिन. ते १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार केले गेले आणि पुढे बाजारात इतके स्वस्त झाले की त्या जातीची शेतीच मागे पडली. आजही अजरखच्या अनेक कार्यशाळांमध्ये लाल रंगासाठी हेच कृत्रिम अलिझरिन वापरतात आणि विचारल्यास तसे मोकळेपणाने सांगतात; मोठ्या मागणीत त्यांचा व्यवहार सांभाळण्यासाठी ते आवश्यक असते, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. आपल्याला मुळांपासूनच लाल काढायचा असेल, तर मंजिष्ठा आधी मागवावी लागेल आणि उकळीचे तापमान सांभाळावे लागेल, कारण फार तापवल्यास लालाऐवजी तपकिरी छटा येते. निळीबद्दलही हाच प्रश्न विचारावा: ती झाडाच्या पानांपासून केलेली आहे की कारखान्यातली? उत्तर काहीही असले, तरी कलाकृतीच्या फलकावर ते जसेच्या तसे लिहावे.