सरावाला एक, कमरेला दुसरी: ९ एमएमसाठी कोणती काडतुसं?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, नुकतंच कॅरी परमिट (भरलेलं पिस्तूल बाहेर जवळ बाळगायचा परवाना) हातात पडलं. पिस्तूल ग्लॉक ४३एक्स. रेंजवर आजवर ११५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी एफएमजे, म्हणजे पूर्ण धातूच्या कवचाची, जी स्वस्त मिळेल ती उडवत आलोय. दुकानदार म्हणतो, कमरेला लावायची तर वेगळी घ्या. दर ऐकून डोळे पांढरे झाले! सरावाच्या ५० च्या खोक्याला जे मोजतो त्यापेक्षा जास्त, आणि आत जेमतेम २०-२५. दोन्हीकडे एकच चालणार नाही का?

डॅलसवाला
एफएमजे आरपार जाते आणि मागच्याला लागते. १२४ ग्रेनची हॉलो पॉइंट घ्या, म्हणजे टोकाला खळगा असलेली, अंगात शिरताच फुलून थांबणारी; फेडरल एचएसटी नाहीतर स्पीअर गोल्ड डॉट. विषय कट.

जुना एनसीसीवाला
डॅलसवाले, तुमच्या टेक्सासात कट. जर्सीत इथूनच सुरू होतो. इथे हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, रेंजवर नेता येते, पण परमिट असूनही ती भरून बाहेर हिंडलात तर गुन्हा. म्हणून इथली बरीच मंडळी हॉर्नाडीची क्रिटिकल डिफेन्स किंवा क्रिटिकल ड्युटी घेतात. टोकाचा खळगा पॉलिमरने बुजवलेला असल्यामुळे राज्य पोलीस तिला हॉलो पॉइंट धरत नाहीत. तरी घेण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. दुकानदार कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

आरपार जाण्याची भीती खरी, पण उलटी बाजूही आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोघा दरोडेखोरांशी चकमक झाली. सुरुवातीलाच एकाच्या दंडातून छातीत शिरलेली ९ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो पुढे लढत राहिला. दोन एजंट गेले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यावर चाचण्या बसवल्या: कपड्यांचे थर मध्ये ठेवूनही गोळी १२ ते १८ इंच जायला हवी. बाजारात नाव बघण्यापेक्षा हा आकडा बघा.

सराव एफएमजेवरच करा, फक्त कमरेच्या गोळीच्या वजनाच्या जवळची घ्या. ११५ ची क्रिटिकल डिफेन्स लावणार असाल तर तुमची आत्ताचीच चालेल. मात्र महागड्या गोळ्यांची दोन-तीन खोकी तुमच्याच पिस्तुलातून, तुमच्याच मॅगझिनमधून उडवा. प्रत्येक पिस्तूल प्रत्येक टोकाची गोळी मुकाट्याने गिळतंच असं नाही. एकदा जरी अडकली तर कारण शोधा, मनगट ढिलं होतं का तेही बघा. इथे कंजुषी करू नका, बाकी कुठेही करा.

एडिसनकर
धन्यवाद काका! एक राहिलं. मुलं लहान आहेत, म्हणून रोज रात्री पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवतो आणि सकाळी तीच वरची गोळी परत चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) घालतो. चालतं ना?

जुना एनसीसीवाला
तिजोरी उत्तम, पण तीच ती गोळी नको. स्लाइड (वरचा सरकता भाग) सोडली की गोळीचं नाक दर वेळी रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाच्या उतारावर, आपटतं आणि ती हळूहळू केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, कधीकधी पिस्तूल फुटण्याइतका. आज रात्री ती गोळी आणि खोक्यातली नवी कोरी गोळी टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करून डोळा टेबलाच्या पातळीला आणा. लांबी मोजायचं कॅलिपर असेल तर आणखी बरं. बुटकी दिसली की वेगळी काढा, उडवू नका, रेंजवाल्यांकडे देऊन टाका. बुटकी नसली तरी ती मॅगझिनच्या तळाशी घाला, म्हणजे रोज एकाच गोळीवर पाळी येणार नाही. त्याहून सोपं म्हणजे भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट तिजोरीत ठेवा. आणि रेंजवरून आलात की पोरांना उचलायच्या आधी थंड पाण्याने, साबण लावून हात धुवा. बंदिस्त रेंजच्या हवेत शिसं असतं.

दादर ते डेलावेअर
भारतात जाताना रेंजची बॅग सामानाला मुळीच वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या एक्स-रेत दिसलं की थेट आर्म्स ॲक्टची केस, विमान राहतं बाजूला. आणि एच-१बीवाले कोणी वाचत असतील तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून तुम्हाला पिस्तूलच काय, काडतूसही बाळगता येत नाही. मित्राबरोबर रेंजवर जायच्या आधी वकिलाला विचारा.