सौर पंपांवर फील्ड स्टडी करायचीय, फंडिंग कुठून आणायचं?

कापूसपट्टा
नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे आधी केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि आता राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून शेतांत भरपूर सौर पंप बसलेत. मला एवढंच बघायचंय की बसल्यावर पुढे काय होतं, वर्षातले किती दिवस चालतो, विहीर किती खाली जाते, डिझेल खरंच सुटलं का. चाळीसेक शेतांत मीटर लावून दोन वर्षं नोंदी, दोन पोरं आणि गाडीचं पेट्रोल, बास. दोन ठिकाणी प्रपोजल पाठवलं. एकीकडून शेरा आला की नावीन्य नाही. दुसरीकडे उपकरणांना पैसे आहेत पण प्रवासाला आणि माणसांना नाहीत, आता उपकरण घेऊन शेतापर्यंत जायचं कसं? कुणी असल्या कामाला पैसे मिळवलेत का?

नदीकाठ
सर, परदेशी पैशावर सगळी भिस्त ठेवू नका हे आधी सांगते. मी ब्रिटनमध्ये ऊर्जा धोरणावर पीएचडी केली. ब्रिटनमधून विकसनशील देशांतल्या संशोधनाला जातो तो बराचसा पैसा सरकारच्या परदेशी मदतनिधीतला असतो, आणि २०२१ मध्ये तो निधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणला तेव्हा चालू प्रोजेक्टांचेही पैसे मध्येच कापले गेले. आता २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार आहेत. मी होते त्या प्रोजेक्टमध्ये केनियातलं सर्वेक्षण अर्ध्यावर आलेलं, तिथल्या पोरांना "पुढच्या महिन्यापासून काम नाही" हा मेल मलाच पाठवावा लागला, अजून आठवलं की पोटात कालवतं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, ओसेमॉसिससारखी ऊर्जेचं नियोजन मांडायची कॉम्प्युटर मॉडेलं फुकट मिळतात, पण त्यात भरायला शेतातले आकडेच नसतात. तुम्ही म्हणताय तेच आकडे.

जुनी_फाईल
नावीन्य नाही म्हणणाऱ्यांचा राग येतो राव. सर, तुमच्याच जिल्ह्यातल्या वणीच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशावर २०१० पासून टनाला ५० रुपये सेस होता, तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० झाला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा केला होता, स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाला आणि नव्या प्रयोगांना पैसे द्यायला. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. धूळ वणीकरांनी खाल्ली, आणि त्याच जिल्ह्यातला मास्तर पेट्रोलला पैसे मागत फिरतोय.

आता कामाचं. हा अर्ज इंजिनीअरिंगवाल्यांकडे नका टाकू, आयसीएसएसआरकडे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे टाका. तिथे सर्वेक्षण हेच संशोधन धरतात, फील्डवर्क आणि सहायकांचा खर्च बजेटमध्ये दाखवता येतो. विद्यापीठातला अर्थशास्त्राचा कुणीतरी प्राध्यापक सोबत घ्या म्हणजे बाजू भक्कम होईल. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही बघा.

दिग्रसचा_गडी
सर माह्याकडे ५ एचपीचा पंप हाय, किमतीचे १० टक्के भरले होते. फायदा लय झाला, आधी रात्रीची लाईन राहायची, थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन हरभऱ्याले पाणी द्याले जा, पायाखाली साप का काय दिसत नाही. आता नऊ ते चार मोकळं काम. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं प्लेटा पुसतो, पाखरं घाण करतात ना, नाही पुसलं तं पाण्याची धार बारीक पडते. पण डिझेल इंजिन इकलं नाही, नाल्याकडच्या दुसऱ्या तुकड्याले लागते. आणि बाजूच्याची विहीर माघात खाली गेली, तो म्हणते तुह्या पंपानं गेली. खरं का खोटं मले नाही सांगता येत. एक सांगतो, त्या कंट्रोलरच्या डब्ब्यात सीम हाय, रोज किती चालला ते वर जाते म्हणे.

कापूसपट्टा
दादा, तो विहिरीचा भांडणाचा मुद्दा माझ्या प्रपोजलमध्ये नव्हताच, आता पहिला तोच टाकतो. सीमचा डेटा मी एका ठिकाणी लेखी मागितला होता, चार महिने झाले, उत्तर नाही. आता शेतकऱ्याच्या सहीनेच मागून बघतो, पंप त्याचा आहे. रविवारी दिग्रसला येऊ का? टेप आणि दोरी घेऊन येतो, दोन्ही विहिरी मोजू, शेजाऱ्यांनाही बोलावून ठेवा.

दिग्रसचा_गडी
या सर, जेवाले घरीच या. शेजाऱ्याले मी सांगतो, माह्याशी बोलत नाही सध्या पण तुमच्यासाठी येईन तो.