तळ्याकाठच्या ट्रेलवर दिवसभर एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे कच्च्या वाटांची सायकल), टायरमध्ये हवा किती ठेवू?

चिखलचाक: रविवारी तळ्याच्या कडेकडेने ३० किमीची राइड ठरलीय, ऊन मरणाचं आहे आणि मी आत्तापर्यंत फक्त डांबरी रस्त्यावरच चालवलीये. हार्डटेल आहे (सस्पेन्शन फक्त पुढे), टायर २.२ इंची, ट्यूबवाले. ४० पीएसआय (हवेचा दाब) ठीक आहे ना? पाणी किती घेऊ?

उतारवेडा: ४० म्हणजे दगड झालाय रे टायरचा, मुळांवरून उडत जाशील. वजन साधारण असेल तर ट्यूबवर ३० च्या आसपास ठेव, मागे २ जास्त. पण फार खाली जाऊ नको, दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आणि काठाजवळची मुळं ओली असतात, त्यांना काटकोनात सरळ ओलांडायचं, तिरकं गेलास की चाक सटकलंच, आणि त्यावर असताना ब्रेक अजिबात नाही. (हे मी हाताला प्लास्टर घालून शिकलोय.)

सावलीशोधक: पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट पीत राहा, तहान लागायची वाट बघू नको. सोबत थोडं मीठ-साखर. उजाडायला निघ, ११ च्या आत मोकळा पट्टा संपव, झाडीतला भाग नंतरसाठी ठेव.

चिखलचाक: आणि मधे तळ्यात डुबकी?

उतारवेडा: मार की, पण ओल्या चड्डीत पुढचे १५ किमी चालवू नको, मांड्या सोलून निघतात 😅