आजोळच्या तक्तपोशीच्या फळ्या कोब्यावर चिकटवायच्या आहेत (सातारा)

गोडोली_सातारा

नमस्कार. वाईजवळ माझं आजोळ. तिथला वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला आणि वाटणीत माझ्याकडे माजघरावरच्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, सागवानी फळ्या आल्या. बेचाळीस फळ्या आहेत, नऊ-दहा इंच रुंद, सव्वा इंच जाड, चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी खाली आडवी पडून मी त्यांच्या गाठी मोजायचे. एका फळीला डोळ्यासारखी गाठ आहे, ती अजून शाबूत आहे.

गोडोलीत घर बांधलंय. वरच्या मजल्यावरची बारा बाय चौदाची खोली आईची. तिथं टाइल न लावता सप्टेंबरअखेरीला नुसता दोन इंची सिमेंटचा कोबा करून घेतलाय. त्यावर या फळ्या चिकटवायच्या आहेत. सुतारकाका म्हणतात, "पांढरा गोंद ओतू, वरून चार-चार खिळे मारू, आठवड्यात उरकतं." आईला डिसेंबरात राहायला आणायचंय. फळ्या सध्या अंगणातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत.

गोंद कोणता घ्यायचा? खिळे लागतात का? कोबा अजून किती वाळायला हवा? या फळ्या पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून विचारतेय.

कराडकर७२

ताई, टाइल लावून घ्या आणि फळ्यांचा झोपाळा नाहीतर कपाट करा. आमच्याकडे वाळवीनं चौकटी पोखरल्या. लाकूड जमिनीला नकोच.

विश्रामबाग_सांगली

ताई, आधी हात जोडून एक सांगतो: सुतारकाकांना आठवडाभर थांबवा. मी हे सगळं करून चुकलोय.

आमचं घर सांगलीत विश्रामबागेत, तळमजला. चार वर्षांपूर्वी हॉलमध्ये सागवानी पट्ट्या बसवल्या, पांढऱ्या गोंदावर, एप्रिलात. मे महिन्यात बघत राहावं अशी जमीन. आषाढ लागला आणि सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं, ती अनवाणी चालते. म्हणाली, "पायाला पन्हळी लागतायत रे." मी गुडघे टेकून हात फिरवला. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वर, मधे खोलगट. श्रावणात बोटाच्या गाठीनं ठोकलं की पोकळ आवाज यायला लागला. एक पट्टी उचकटली तर खाली कोबा काळपट ओला आणि गोंद पुन्हा दुधासारखा पांढरा, नखानं निघतोय. त्याला आंबूस वासही येत होता. पाणी वरून कुठंच सांडलेलं नव्हतं. आमच्याकडची काळी माती पावसाळाभर पाणी धरून ठेवते आणि कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद नव्हता. ओल खालून चढली, पट्टीचा तळ फुगला, वरचा भाग कोरडाच राहिला, म्हणून कडा उचलल्या.

तुमची खोली वरची आहे, म्हणजे मातीची ओल नाही. पण कोब्याची स्वतःची ओल आहेच. ढोबळ हिशेब असा की उघड्या हवेत एक इंच काँक्रीट वाळायला महिना लागतो. तुमचा दोन इंच, शिवाय खाली स्लॅब, शिवाय ऑक्टोबरात परतीचा पाऊस. वरून पांढराफटक दिसतो त्यावर जाऊ नका. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक घ्या, चारी कडा टेपनं हवाबंद चिकटवा, एक दिवस-रात्र राहू द्या. खोलीत तीन-चार ठिकाणी करा, एक तुकडा बाथरूमच्या भिंतीजवळ हवाच. उचलल्यावर खाली थेंब असतील किंवा कोबा गडद झाला असेल तर गोंदाला हात लावायचा नाही. कोरडं निघालं तरी गोंदाच्या डब्यावर ओलाव्याची जी मर्यादा छापलेली असते, ती मीटर लावून तपासून घ्या, कारण प्लॅस्टिकला आतली ओल दर वेळी दिसतेच असं नाही.

पांढऱ्या गोंदात पाणीच असतं. ते फळीच्या पोटात जातं आणि फळी तिथल्या तिथं फुगायला लागते. लाकडी जमिनीसाठी पॉलियुरेथेनचा किंवा एमएस पॉलिमरचा गोंद मिळतो, वाळल्यावरही रबरासारखा थोडा ताणतो. तो दातेरी थापीनं ओढायचा. दात केवढे हवेत ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि त्यात कंजुषी करायची नाही. एका वेळी हात पोचेल तेवढाच पसरा, साय धरली की फळी पकडत नाही. फळीवर सांडलेला लगेच पुसा, वाळला की रंधाच मारावा लागतो. खिळे नकोत. कोब्यात ते धरत नाहीत आणि फळी फाटते.

आता मुख्य गोष्ट, फळ्यांची रुंदी. माझ्या मीटरवर घरातलं सागवान एप्रिलात आठ टक्के ओलावा दाखवतं आणि ऑगस्टात पंधरा. तेवढ्या फरकानं चार इंची सागवानी फळी सव्वा मिलीमीटर रुंदावते. दहा इंची फळी तीन मिलीमीटरहून जास्त, आणि सव्वा इंच जाडीची असली तर तिचा जोर इतका की गोंदाला उखडून उठेल. तुम्हाला ऐकायला बरं वाटणार नाही, तरी सांगतो: मधोमध चिरून साडेतीन-चार इंची पट्ट्या करा आणि जाडी पाऊण इंचावर आणा. आधी चुंबक फिरवून जुने खिळे काढा, नाहीतर प्लेनरचं पातं जाईल. मागची काजळी पूर्ण निघायला हवी, गोंद काजळीला चिकटतो आणि काजळी फळीला सोडते. सागवानात तेल असतं, म्हणून रंधा मारल्यावर मागची बाजू थिनरनं पुसा आणि एक-दोन दिवसांत चिकटवा.

चारी भिंतींशी अर्धा इंच फट सोडा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. माझ्या हॉलमध्ये ही फट नव्हतीच, पट्ट्या भिंतीला टेकवून ठोकल्या होत्या. कोब्यावर दहा फुटी सरळ पट्टी फिरवून पाहा, खाली पाच मिलीमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर उंचवटा घासा, खड्डा भरा.

एक राहिलं. पन्हळी आल्यावर मला मशीननं घासून सपाट करायचा सल्ला मिळाला होता. मी थांबलो ते बरं झालं. स्कर्टिंग काढून, पंखा लावून मार्चपर्यंत वाट पाहिली, निम्म्याहून जास्त पट्ट्या आपोआप बसल्या. ओल्यात घासल्या असत्या तर वाळल्यावर कडा खाली आणि पोट वर आलं असतं.

कराडकर, सागाच्या पिकलेल्या लालसर भागाला वाळवी सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या सालकाठाला लागते. ताई, चिरताना तो काढून टाका. आणि ज्यांची घरं आमच्या गावभागात नदीकडेला आहेत त्यांनी तळमजल्याला लाकूड खरंच लावू नये. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तिथं कोणताच गोंद टिकायचा नाही.

मिरजकर_तंतुवाद्य

आमच्या घरात सतारी-तंबोरे होतात. तुनाचं लाकूड आम्ही वर्षानुवर्षं ठेवून मग हात लावतो. ताई, तुमच्या फळ्या जुन्या असल्या तरी दोन पावसाळे ताडपत्रीखाली होत्या, त्या पुन्हा ओल्या झाल्यात असंच धरा. ताडपत्री आजच काढा. फळ्या त्याच खोलीत, मधे अंगठ्याएवढ्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावून ठेवा, खिडक्या उघड्या, ऊन थेट नको. दर आठवड्याला त्याच तीन फळ्या वजनकाट्यावर घाला. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की समजा खोलीशी जुळल्या. चिरून झाल्यावर पुन्हा आठ-दहा दिवस तशाच ठेवा, कापलं की लाकूड आतला ताण सोडतं.

डोळ्याची गाठ चिरू नका. तेवढी फळी अखंड ठेवा आणि दारावर लावा.

गोडोली_सातारा

दादा, काका, खूप आभार. रविवारी प्लॅस्टिकचे चार तुकडे लावले, काल सकाळी उचलले. खिडकीजवळचे दोन कोरडे. मधल्याखाली कोबा किंचित गडद. बाथरूमच्या भिंतीजवळच्या तुकड्याखाली मात्र थेंब, टेप काढताना बोटावरून ओघळले. प्लंबरला बोलावलं, तर भिंतीतल्या गरम पाण्याच्या पाइपचा सांधा पाझरतोय. गोंद ओतला असता तर हे कळायलाच पुढचा पावसाळा उजाडला असता.

सुतारकाकांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आमच्या वडलांनी तक्तपोशी खिळ्यांवर बसवल्या, कोब्यावर कधी नाही. फेब्रुवारीत करू." थप्पी त्यांनीच लावून दिली. काल तीन फळ्या काट्यावर घातल्या: अकरा किलो दोनशे, दहा किलो नऊशे, अकरा किलो सहाशे. आकडे खडूनं खोलीच्या भिंतीवर लिहिलेत.

आई तोवर खालच्या खोलीत राहील. डोळ्याची फळी तिच्या पलंगाशी उभी करून ठेवलीये.