मदत हवी आहे : मायचा ब्रशवरचा जोर कसा कमी करावा?

मायनं जन्मभर राखेनं दात घासले. आता ब्रश दिला, तर तोही गंज घासल्यासारखा आडवा, ताकद लावून. वरच्या सुळ्याजवळ हिरडी सरकून पिवळं मूळ दिसते, थंड पाण्यानं कळ जाते. नरम ब्रश हिरडीकडे ४५ अंश तिरपा धरून हलक्या हातानं २ मिनिटं, हे सांगून झालं, "जोराशिवाय निघते का?" म्हणते. कोणी घरच्या म्हाताऱ्यांची ही सवय मोडली का? कशी?

दुसरं, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडचे, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. मोठ्याच्या दातांवर तपकिरी डाग आलेच. ४ वर्षांच्या धाकटीला फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी द्यावी, की नकोच? ती गिळते, म्हणून जीव घाबरते. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेला, दातांच्या दवाखान्यात दाखवलेल्यांनी जरूर सांगा.