‘मॅट’ला मराठीत काय म्हणायचं? ‘निस्तेज’ लिहिलं तर गिऱ्हाईक उठून गेलं

सातरस्ता
सोलापुरात अक्कलकोट रोडला मित्राचं गाड्या सजवायचं दुकान आहे. पिकअपच्या समोरच्या जाळीवर बसवायची चिन्हं तो करून देतो. नंदी, त्रिशूळ, घराण्याचं नाव, कुणाला नुसतं आद्याक्षर. गिऱ्हाईक बहुतेक मार्केट यार्डात कांदा आणणारं. त्याला दरपत्रक मराठीत हवं होतं, ते मी लिहून दिलं. चिन्हावरचा शेवटचा हात चार तऱ्हेचा असतो: क्रोम, सॅटिन, ब्रश मारलेला आणि मॅट. क्रोमला मी ‘झिलईदार’ लिहिलं आणि मॅटला ‘निस्तेज’.

परवा एका काकांनी काळ्या जाळीसाठी काळाच मॅट नंदी पसंत केला. हातात घेऊन, उन्हात धरून, दोनदा बघून. मग पत्रक वाचलं आणि नंदी खाली ठेवला. “काय करलालाव हे? नंदी निस्तेज? देवाला असं लिहितात व्हय?” आणि गेले. वस्तू तीच होती, शब्दानं मन फिरलं. मला त्यांचं पटलं, म्हणून विचारतोय. पत्रक पुन्हा छापायचंय.

कोशातलाकिडा
काका बरोबर आहेत. निस्तेज म्हणजे तेज होतं आणि गेलं. आजारातून उठलेल्या माणसाचा चेहरा निस्तेज. मॅटमध्ये काही गेलेलं नसतं.

पण तुमचं ‘झिलईदार’ही चुकलंय. झिलई म्हणजे वस्तूच घासून-पुसून तिच्यावर आणलेली चकाकी. क्रोम हा मुलामा आहे, वरून चढवलेला दुसरा धातू. प्लॅस्टिकच्या चिन्हावर आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियमचा थर, तोही मायक्रॉनच्या काही अंशांचा. चमक बरीचशी निकेलची, क्रोम ती काळवंडू देत नाही. गंमत अशी की क्रोम हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘रंग’. 1797 मध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे मूलद्रव्य सापडलं, त्याची संयुगं नाना रंगांची निघाली, म्हणून ते नाव.

बाळीवेस
मुलामा नको. मुलामा म्हटलं की आत खोटं आहे असं ऐकू येतं. आमच्या सराफाकडे ‘पाणी’ म्हणतात, सोन्याचं पाणी दिलेलं. ‘क्रोमचं पाणी’ लिहा. मोत्यालाही पाणीच असतं.

मराठीच
मॅट = मंदाभ. सॅटिन = मृदुकांती. ब्रश मारलेला = रेखांकित. क्रोम = उज्ज्वल. शब्द घडवायला लाजायचं कारण नाही. सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज त्यावाचून आपलं पान हलत नाही.

स्प्रेगन
मी हेच काम करतो, बावीस वर्षं झाली. मंदाभ म्हणून कुणी मागायला येणार नाही, आणि आलं तर माझ्या पोराला कळणार नाही काय काढून द्यायचं. आम्ही मॅटच म्हणतो. मधलं असेल तर ‘सेमी’.

पण एक सांगतो, कारण सगळे ‘चमक नसलेलं’ धरून चाललेत. मॅट म्हणजे पॉलिश करायचं राहिलंय असं नाही. मॅट लॅकरमध्ये बारीक भुकटी असते, सुकल्यावर पृष्ठभाग डोळ्याला न दिसेल इतका खरबरीत होतो आणि उजेड एका दिशेनं परत न येता चहूकडे फाकतो. ते मुद्दाम केलेलं असतं आणि अवघड असतं. हात कमीजास्त झाला की ढग उठतात. ग्लॉसवर चरा आला तर घासून काढता येतो. मॅटवर कुणी मायेनं पॉलिशचा बोळा फिरवला की तेवढाच भाग चमकायला लागतो, मग तो परत रंगवण्यावाचून इलाज नाही. गेल्या गड्ड्याच्या जत्रेआधी एका गाडीचं असं झालं. धुणाऱ्या पोरानं नंदीचं फक्त वशिंड चकचकीत करून ठेवलं. मालकाला वाटलं रंग निकृष्ट. तेव्हा शब्द असा पाहिजे की ऐकणाऱ्याला कळावं, हे घासायचं नाही.

कोशातलाकिडा
हे फार मोलाचं सांगितलंत. खरी अडचण इथेच आहे. चमकणाऱ्याला आपल्याकडे किती शब्द: चकचकीत, लखलखीत, झळझळीत, तुकतुकीत, तकतकीत, आणि प्रत्येकाची चमक वेगळी. लखलखीत भांडं, तुकतुकीत कांती. न चमकणाऱ्याला मात्र मळकट, विटका, फिकट, काळवंडलेला. सगळे दोष. ठरवून न चमकणं ही गोष्टच आपल्या शब्दांत नाही.

मराठीच
म्हणूनच तर नवा घडवावा लागतो! फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी उगाच नाही करवून घेतला.

बाळीवेस
मग झिलई, मुलामा, कल्हई हे तिन्ही अरबीतून आलेले. तेही काढायचे का? माझ्या आजीच्या तोंडचे शब्द आहेत, मी सोडणार नाही.

मराठीच
‘ओप’ आहे ना. ओप देणे, ओप चढवणे. तो आपला.

मागवाला
सोलापुरात बसून सॅटिनला मृदुकांती? आमच्याकडे साटीण म्हणतात, तीन पिढ्या. वडील मिलमध्ये होते, मी पॉवरलूमवर. साटीण ही वीण आहे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा चार बाण्यांवरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, मोकळा जातो आणि पाचव्याखाली दबतो, म्हणून कापडाच्या एका अंगाला सलग, मऊ चमक येते. गाडीवाल्यांनी नाव तिथूनच उचललंय. ‘साटीण चमक’ लिहा, कुठल्याही बाईला विचारा, कळेल.

आणि न चमकणाऱ्याला शब्द नाही म्हणता, तर आमच्याकडे ‘बिनकुंदीचं’ आहे. धुतलेलं कापड घडी करून लाकडी मोगरीनं बडवायचं, ती कुंदी. त्यानं तकाकी यायची. कुंदी न केलेलं कापड दोषी नव्हे, अंगाला बरं लागतं म्हणून लोक मागून न्यायचे.

कोशातलाकिडा
बिनकुंदी! मारण्याला कुंदी काढणे म्हणतात ते इथलंच.

आता हे बघा. मॅट फ्रेंचमधून आला, जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ ‘हरलेला, गळालेला’. बुद्धिबळातला शह-मात तोच. म्हणजे मॅट आणि आपलं ‘मात करणे’ सख्खे भाऊ. त्यांच्याकडे मार खाल्लेलं निस्तेज होतं, आपल्याकडे मार खाल्लेलं चमकतं.

हुतात्माबाग
इतकं पक्कं नाही ते. लॅटिनमधला ‘मत्तुस’ हा दुसरा उगम सांगतात, त्याचा अर्थ झिंगलेला. ‘मात’ आवडतं म्हणून खरं धरू नका.

कोशातलाकिडा
लॅटिनवाला पक्ष मला ठाऊक आहे, मला तो कच्चा वाटतो.

स्प्रेगन
बिनकुंदीचं कापडाला ठीक. धातूच्या नंदीला कसं लावणार?

मागवाला
साटीण लावताय की.

बाळीवेस
कल्हईचं निघालंय तर सांगते. मंगळवार पेठेत आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथील, मग कापसाचा बोळा गरकन फिरवायचा आणि आतून चंद्र उगवल्यासारखं व्हायचं. ती चमक आरशासारखी नव्हती. दुधट होती, आत उजेड साठल्यासारखी. त्या चमकीला आजी काहीतरी म्हणायची, तो शब्द मला दोन दिवस आठवत नाहीये.

हुतात्माबाग
‘पाणीदार’?

बाळीवेस
नाही. ‘स’नं सुरू व्हायचा.

सातरस्ता
पत्रक उद्या दुपारी छापखान्यात जातंय. साटीण घेतला, क्रोमचं पाणी घेतलं. तिसऱ्याला ‘तारेच्या रेघांचा’ लिहितोय. चौथ्याची ओळ अजून मोकळी आहे. काका येऊन गेले, नंदी कापडात गुंडाळून त्यांच्यासाठी ठेवलाय.

बाळीवेस
‘सायीचं’! सायीचं पाणी म्हणायची. पण ते कल्हईला हो, मॅटला नाही.

मराठीच
साय तर स्निग्ध असते, ती चमकतेच.

मागवाला
थंड झालेली चमकत नाही. सकाळी पातेलं उघडून बघा.