शब्दचर्चा : व्हिट्रोफायरला ‘ज्वालाकाच’ म्हणावं का?

प्रश्न : भूगोलाचा मजकूर मराठीत करतोय. ज्वालामुखीची तापलेली राख आणि प्युमिस (फेसासारखा हलका, सच्छिद्र दगड) उतारावरून धावत येऊन जो जाड थर बसतो, त्याच्या तळाशी काळाभोर काचेसारखा पट्टा असतो, व्हिट्रोफायर. याला ‘ज्वालाकाच’ चालेल? आमच्या सोलापूरकडे विहिरीत दोन काळ्या पाषाणांमध्ये तांबडा पट्टा लागतो, तोही यातलाच का?

उत्तर : विहिरीतला पट्टा वेगळा. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत जे झिजलं, मुरलं, ते पुढच्या लाव्हाने भाजलं. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे.

‘ज्वालाकाच’ मात्र नको. तो शब्द ऑब्सिडियनचा, म्हणजे थेट गोठलेल्या लाव्हाचा. व्हिट्रोफायर ही मुळात राख. राखेचा कण म्हणजे काचेचाच बारीक चुरा. थर बसताना तो इतका तापलेला असतो की कण मऊच असतात. वरून वजन पडलं की मधली हवा निघून जाते आणि कण एकमेकांना चिकटून एकजीव होतात. प्युमिसचे फुगीर तुकडे चपटे होऊन त्यांच्या काळ्या चिरोट्या दिसतात. त्यांना इटालियनमध्ये फियामे, म्हणजे ज्योती, म्हणतात. तळ थंड जमिनीजवळ, म्हणून लवकर निवतो आणि काच काचच राहते. जरा वर उष्णता रेंगाळते, तिथे त्याच काचेतून बारीक स्फटिक वाढतात आणि खडकाची चमक जाते. कधीकधी काचेच्याही खाली सुटी राख मिळते, ती दबण्याआधीच निवालेली.

नावातला ‘फायर’ आगीचा नव्हे, पॉर्फिरीचा, म्हणजे मोठे स्फटिक रुतलेल्या खडकाचा. काचेत फेल्डस्पार या खनिजाचे डोळ्यांना दिसणारे स्फटिक रुतलेले असतात.

दुसरे सभासद : साखर कारखान्यात बॉयलरच्या राखेचे खडे होतात, त्यांना आम्ही क्लिंकर म्हणतो. तोच शब्द घ्या की.

उत्तर : दादा, क्लिंकरमध्ये राख वितळते. इथे ती वितळत नाही, मऊ होऊन दाबाने सांधली जाते. हा फरक शब्दात उतरलाच पाहिजे, नाहीतर मुलं त्याला लाव्हाच समजतील. मी ‘राखकाच’ सुचवेन, आणि जागा सांगायची तिथे ‘तळाची राखकाच’. इग्निंब्राइट हे अख्ख्या थराचं नाव आहे, ते न्यूझीलंडचे भूशास्त्रज्ञ पॅट्रिक मार्शल यांनी दिलं. ते तसंच ठेवा.

प्रश्नकर्ता : ‘राखकाच’ घेतो. पहिल्यांदा येईल तिथे व्हिट्रोफायरही लिहीन.